नायट्रस की टर्बो? दोन्ही वापरून झाल्यावर

स्पोर्ट्स कारच्या साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनातून आणखी 70-80 हॉर्सपॉवर काढायचे म्हटलं की गाडी शेवटी याच दोन पर्यायांवर येऊन थांबते: नायट्रस, म्हणजे बाटलीतला नायट्रस ऑक्साइड इंजिनात सोडून जादा ऑक्सिजन देणं, किंवा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. माझ्या एकाच गाडीवर आधी नायट्रस होतं, आता टर्बो आहे. त्यामुळे पुढचं सगळं त्या एका गाडीपुरतं समजा.

खर्चात तुलनाच नाही. नायट्रसचं किट स्वस्त, बसवायला सोपं आणि उद्या काढून टाकलं तरी गाडी होती तशी. टर्बो म्हणजे मॅनिफोल्ड, इंटरकूलर, ऑइलच्या लाइन, मोठे इंजेक्टर, नवं मॅपिंग (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग). एकातून दुसरं निघत जातं. त्यातून इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) मुळातच जास्त असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, बेताचाच ठेवावा लागतो.

नायट्रसचा झटका मात्र टर्बोला कधीच जमणार नाही, हे कबूल. लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर ताकद यायला लागणारा उशीर, हा प्रकारच नाही. वजनाने हवेत ऑक्सिजन साधारण 23 टक्के, नायट्रस ऑक्साइडमध्ये 36. शिवाय द्रवाचा वायू होताना आत येणारी हवा चांगलीच थंड होते. टर्बो हवा दाबतो म्हणजे तापवतोच, आणि मग ती थंड करायला समोर इंटरकूलर लावा. भर उन्हात माझा टर्बो जरा मरगळतो, तेव्हा नायट्रसची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

पण मला पुरता वैताग आणला तो बाटलीच्या प्रेशरने. बाटली लवकर संपते हे सगळेच सांगतात, आणि संपतेच: 100 हॉर्सपॉवरच्या शॉटला (म्हणजे तेवढी जादा ताकद देणाऱ्या मापाला) साडेचार किलोची बाटली सलग सोडली तर दीड-दोन मिनिटांत रिकामी. त्याचं एवढं वाटत नाही, भरून आणता येते. खरा त्रास असा की जेट, म्हणजे नायट्रस सोडणारं बारीक छिद्र, ठरावीक मापाचा असतो, पण त्यातून किती नायट्रस जाईल हे बाटलीतल्या प्रेशरवर, आणि प्रेशर बाटलीच्या तापमानावर. बहुतेक किटं 900 ते 950 पीएसआय (दाबाचं एकक) धरून ट्यून केलेली असतात. थंडीतल्या सकाळी डिकी उघडावी तर काटा 600च्या आसपास लोळतोय. हीटरचं जॅकेट चालू करून काटा वर चढायची वाट बघत उभं राहायचं. तसंच निघालात तर पेट्रोल जास्त, नायट्रस कमी, गाडी ढिम्म. उलट बाटली उन्हात तापली तर नायट्रस जास्त, मिश्रण लीन (म्हणजे त्यात पेट्रोल कमी), आणि लीन झालेलं इंजिन पिस्टन वितळवू शकतं. बरं, काटा अगदी जागेवर आणून निघालं तरी वायू सुटायला लागला की बाटली गार पडते, व्हॉल्व्हवर दव धरतं आणि प्रेशर पुन्हा खाली. म्हणजे पहिल्या धावेची गाडी वेगळी, तिसरीची वेगळी. माझं निम्मं लक्ष रस्त्यापेक्षा त्या गेजकडेच असायचं.

टर्बोला ही भानगड नाही. वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह, बूस्ट ठरवलेल्या आकड्याशी धरून ठेवतो, सकाळ असो की दुपार. लॅग आहे, पण छोटा टर्बो निवडला तर चार दिवसांत पाय आपोआप थोडा आधी दाबला जातो. आणि घाट चढताना, ओव्हरटेक करताना ताकद हाताशी असते. नायट्रसचा स्विच मात्र अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर आणि इंजिन 3000 आरपीएमच्या वर गेल्यावरच लागेल असा ठेवावा लागतो. कमी आरपीएमला एका स्ट्रोकमध्ये जास्तच नायट्रस आत जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकायची भीती असते. शिवाय जोडलेली बाटली घेऊन रस्त्यावर फिरायला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, तेही बघून घ्या.

गाडी फक्त ड्रॅग स्ट्रिपवर नेणार असाल, खिसा बेताचा असेल आणि हीटर, गेज, बाटली यांची देखभाल तुम्हाला आवडत असेल, तर नायट्रस घ्या, मी आडवा येणार नाही. 50 हॉर्सपॉवरचा वेट शॉट (नायट्रससोबत पेट्रोलही सोडणारा), नेहमीपेक्षा एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) स्पार्क प्लग, स्पार्कचं टायमिंग दोन अंश मागे आणि फ्युएल पंप तपासलेला, एवढ्यावर धडधाकट इंजिन सहसा कुरकुरत नाही. रोज चालवायची गाडी असेल तर मात्र थोडं थांबा, पैसे साठवा आणि टर्बोचा विचार करा. त्यातही पैसे कमी पडले तर टर्बो लहान घ्या, ट्यूनर मात्र चांगलाच गाठा.