सुरक्षा क्लिनिक: प्रश्न चांगले, पण विचारण्याची पद्धत अपुरी

जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात, त्वचा-गुप्तरोग किंवा स्त्रीरोग ओपीडीच्या आसपास, ‘सुरक्षा क्लिनिक’ची पाटी असते. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांसाठी, नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यक्रमातली ही सेवा. तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत. लागलेच तर केसपेपरचे पैसे.

खरं काम समुपदेशकाच्या टेबलावर होतं. गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार आला का? एकाहून जास्त आहेत का? शेवटचा संबंध कधी, निरोध होता का? जोडीदाराला जखम, स्राव, लघवीला जळजळ? संबंध योनीमार्गे, गुदमार्गे की तोंडाने? यातला शेवटचा प्रश्न लाजेखातर टाळला जातो आणि तिथेच घोळ होतो. संसर्ग गुदद्वारात किंवा घशात असेल, तर लघवीच्या चाचणीत तो सापडणार नाही.

सरसकट सगळ्यांच्या सगळ्या चाचण्या का करत नाहीत, असं अनेकांना वाटतं. कारण जोखीम कमी असलेल्या गटात पॉझिटिव्ह निकालांपैकी खोट्यांचं प्रमाण वाढतं. सिफिलिसची (गरमीची) आरपीआर ही रक्तचाचणी थेट जंतूला पकडत नाही. मलेरिया, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), कधी गरोदरपणातही ती रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, येऊ शकते. म्हणून टीपीएचए या सिफिलिससाठीच्या खास चाचणीने खात्री करून घ्यायची आणि आरपीआरचा टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचं प्रमाण दाखवणारा आकडा, लिहून मागायचा. नुसतं ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेला कागद पुढच्या उपचाराला कामाचा नाही, कारण औषध लागू पडलं का, हे टायटर चौपट उतरला, म्हणजे एक चतुर्थांशावर आला, की कळतं. गरोदर स्त्रियांना मात्र जोखीम न विचारता एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही चाचण्या करतात, आणि तेच बरोबर आहे.

जोखमीच्या प्रश्नांची सर्वांत मोठी फजिती होते ती अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीत. ‘नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध?’ असं विचारलं की बाई ‘नाही’ म्हणते, आणि खरंच म्हणते. कागदावर तिची जोखीम शून्य. नवरा वर्षातले आठ महिने बाहेरगावी कामाला असतो, हे कुणी विचारतच नाही. मग स्पेक्युलम (योनीमार्ग आतून पाहण्याचं उपकरण) न लावता औषधांचं हिरवं किट हातात पडतं: सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम. योनीदाहाला ते ठीक, पण गर्भाशयमुखातल्या गनोरिया-क्लॅमिडियाला (संबंधातून होणाऱ्या जंतुसंसर्गांना) त्याचा उपयोग नाही. त्यासाठी राखाडी किट, म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्सिम 400 मिलिग्रॅम. तेव्हा नवऱ्याला त्रास आहे का, तो किती दिवस घराबाहेर असतो, हे आपणहून सांगा आणि ‘आतून तपासा’ म्हणा. जोडीदारासाठीही किट मागून घ्या. एकानेच गोळ्या खाल्ल्या तर तोच त्रास परत येऊ शकतो.

या सेवेचा दुसरा कच्चा दुवा प्रयोगशाळेत आहे. गनोरिया-क्लॅमिडियाची न्यूक्लिक अ‍ॅसिड चाचणी (जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी) बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे लक्षणं नसलेला संसर्ग सुटतो. बायकांमध्ये क्लॅमिडिया बहुधा बिनलक्षणीच असतो. ही चाचणी बाहेर करायची झाली, तर आधी किमान तासभर लघवीला न जाता सुरुवातीची धार द्यायची. मधली धार दिली तर जंतू हुकू शकतात. बायकांनी शक्यतो योनीतला स्वॅब द्यावा. खासगी लॅबच्या ‘फुल एसटीडी पॅनेल’मधल्या हर्पिस आयजीजी आणि क्लॅमिडिया आयजीजी या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. हर्पिस आयजीजी निरोगी माणसांतही सर्रास पॉझिटिव्ह येते आणि संसर्ग आत्ता आहे की नाही, हे क्लॅमिडिया आयजीजीवरून कळत नाही. तुमचा संबंध कुठल्या प्रकारचा, हे पॅनेल विकणारा विचारतच नाही. त्या मानाने सरकारी टेबल कितीतरी शहाणं.

तारखाही सांभाळा. संबंधानंतर आठवड्याभरात निगेटिव्ह आलेली एचआयव्ही रॅपिड चाचणी धरायची नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करायची. मात्र धोका 72 तासांच्या आतला असेल, तर चाचणीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जाऊन पीईपी (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीची औषधं) मागा. सिफिलिसची ताजी जखम असतानाही आरपीआर निगेटिव्ह येऊ शकते. अशा वेळी जखम पाहूनच बेंझाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट देतात, टोचण्याआधी अ‍ॅलर्जीची चाचणी करून.

खोलीचं दार उघडं असेल, मागे रांग उभी असेल, तर ‘दार लावून बोलू’ म्हणायला संकोच करू नका. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही आणि पुढची चाचणी त्याच उत्तरावर ठरते. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे चाचणीआधी संमती आणि नंतर गोपनीयता बंधनकारक आहे. जवळचं केंद्र 1097 या हेल्पलाइनवर विचारता येतं.