चेक वटला, फैजपूर राहिले

आंदोलनांतील भाषणे आणि त्यांतील रूपके-प्रतीके या विषयावरील दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी गेल्या महिन्यात जळगावात हजेरी लावली. शुल्क 800 रुपये, त्यातच दोन्ही दुपारचे जेवण. भरीत उत्तम होते, पण ते श्रेय आयोजकांपेक्षा हंगामाचे.

पहिल्या सकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांचे 28 ऑगस्ट 1963 चे वॉशिंग्टनमधील भाषण घेतले. त्यातील स्वप्नाचा भाग सर्वांनाच पाठ असतो. मार्गदर्शकांनी तो बाजूला ठेवून त्याआधीची चेकची उपमा निवडली, हे मला विशेष आवडले. राष्ट्राने सर्व नागरिकांना लिहून दिलेली हुंडी कृष्णवर्णीयांच्या बाबतीत 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असा शेरा घेऊन परत आली, असे किंग म्हणतात आणि न्यायाची बँक बुडाली आहे हे मानायला मात्र नकार देतात. छापील टिपणात याचे भाषांतर 'वाईट धनादेश' असे केल्यामुळे वर्ग गोंधळला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका कापूस उत्पादकांनी विचारले, "म्हणजे चेक वटला नाही, असंच ना?" मार्गदर्शकांनी फळ्यावरील शब्द लगेच पुसला. माल घालून चेक घेऊन घरी आलेल्या माणसाला त्या कागदाचा अर्थ ठाऊक असतो: देणे कबूल आहे, सही आहे, पैसे तेवढे नाहीत. या रूपकाने मोर्चेकरी याचकाचा धनको होतो, हे मग कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

दुसरा दिवस मात्र रेंगाळला. रूपक शब्दांत असते, प्रतीक हातात धरता येते, एवढे सांगून दांडीचे मीठ दुपारपर्यंत पुरवले गेले. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच जिल्ह्यातील फैजपूरचे, पण त्याचे नावही निघाले नाही. गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तेथील मंडप बांबूसारख्या साध्या, गावाकडच्या साहित्यातून सजवला होता. अध्यक्ष नेहरू बोलायला उभे राहण्याआधीच मंडप बोलून चुकला होता, असे म्हणता येईल. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 रोजी गोळ्या झेलणाऱ्या शिरीषकुमारच्या हातातील तिरंग्याचाही उल्लेख झाला नाही. चहाच्या वेळी मी विचारले, तेव्हा "ते आपल्या स्लाइडमध्ये नाही" असे उत्तर मिळाले.

केवळ पहिल्या दिवसाचे शुल्क भरण्याची सोय असेल, तर अवश्य जावे. छापील टिपणाचे पैसे मात्र वेगळे मागितल्यास देऊ नयेत.