अंगावरचं दूध की डब्याचं?

बाळ रडलं की 'दूध पुरत नाही वाटतं' हे बाळंतिणीला ऐकावं लागतंच. बोलण्यावर जाऊ नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि वाढतं वजन, म्हणजे दूध पुरतंय. अंगावर दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. दुखतंय? बहुतेकदा पकड चुकलेली असते. बोंडाभोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात हवा. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, जास्त वेळा पाजा.

डब्याचं दूध घरातलं कुणीही पाजू शकतं, आईला झोप मिळते. पण शिस्त कडक. पाणी उकळा, 70 अंशांखाली जाऊ न देता आधी पाणी मोजा, मग पावडरचे सपाट चमचे डब्यावर लिहिलेत तेवढेच. कोमट झाल्यावर पाजा, उरलेलं फेका. डबा पुरवायला पातळ केलेलं दूध सर्वांत घातक, वजनच खुंटतं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवणं सोपं.

दूध खरंच कमी असेल किंवा आईच्या औषधांमुळे डॉक्टरांनी डबा सांगितला, तर त्यात तिचा काडीचाही दोष नाही. दोन्ही द्यायचं असेल तर आधी अंगावर, मग वरचं.