छातीवरचा पट्टा आणि म्हातोबा टेकडी: सात-आठ महिन्यांनंतर

छातीला बांधून नाडी मोजणारा हा पट्टा धावणाऱ्यांसाठी असतो आणि मी धावत नाही. वय चोपन्न, बैठी नोकरी, घर कोथरूडला. रोज सकाळी म्हातोबा टेकडीची चढण, सुट्टीच्या दिवशी तिथून पुढे वेताळ टेकडीपर्यंत. मनगटावरचं घड्याळ होतंच, पण ते त्वचेखालच्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून नाडीचा अंदाज बांधतं. हातात काठी घट्ट धरून चढताना ते कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसायचं. पट्टा थेट हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, म्हणून घेतला.

मुळात मला व्यायामातल्या नाडीपेक्षा थांबल्यानंतरच्या नाडीत रस होता. हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो त्या सायनस नोडला कोणी हात लावला नाही तर तो मिनिटाला साधारण 100 ठोके देईल. बसल्या जागी आपली नाडी सत्तर-बहात्तर राहते ती व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूकडून येऊन हृदयाला मंद ठेवणाऱ्या नसेमुळे. चांदणी चौकाच्या उतारावरून ब्रेक धरून स्कूटर उतरवावी, तसा हा कारभार अखंड चालू असतो. चढ सुरू झाला की आधी हा ब्रेक सैल होतो. ठोके वाढवणाऱ्या सिंपथेटिक नर्व्हचा जोर नंतर येतो आणि तो ओसरायलाही वेळ घेतो. थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी जी उतरते, ती मुख्यतः व्हेगस परत कामाला लागल्यामुळे.

म्हणून माझ्या मते या पट्ट्याचा सगळ्यात उपयोगी आकडा हाच: शिखरावरची नाडी वजा एका मिनिटानंतरची नाडी. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा 1999 सालचा अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. तपासणीसाठी आलेल्या 2428 प्रौढांना ट्रेडमिलवर चालवलं. ज्यांची नाडी पहिल्या मिनिटात 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढच्या सुमारे सहा वर्षांत मृत्यूचा धोका, वय वगैरे हिशेबात धरूनही, जवळजवळ दुप्पट निघाला. तिथे लोक थांबल्यावर हळूहळू चालत होते. त्यामुळे वर पोचल्या पोचल्या बाकावर बसून घेतलेला आकडा त्या 12 शी ताडून बघू नका.

माझा आकडा मार्चमध्ये पंधरा-सोळा असायचा, आता बावीसच्या आसपास असतो. पहिले काही आठवडे काहीही हललं नाही. मग उन्हाळा संपता संपता हळूहळू फरक दिसू लागला. बसल्या जागची नाडी अठ्ठ्याहत्तरवरून सत्तरच्या जवळ आली.

आता एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, ज्याच्या नावावर हे पट्टे विकले जातात. नाडी साठ असली तरी प्रत्येक ठोका बरोबर सेकंदाने पडत नाही. एक अंतर 960 मिलिसेकंद, पुढचं 1040. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. लागोपाठच्या अंतरांमधल्या या फरकावरून आरएमएसएसडी नावाचा आकडा काढतात आणि तो व्हेगसच्या जोराचा अंदाज देतो. माझा वाढला, पण थोडाच, आणि त्यातला किती खरा याबद्दल मी साशंक आहे. नाडी मंदावली की अंतरं लांबतात आणि आकडा थोडा आपोआपच फुगतो. शिवाय 2014 साली उंदरांवर झालेल्या कामात दिसलं की व्यायामाने सायनस नोडच्या पेशीही बदलतात. म्हणजे मंद नाडीचं सगळं श्रेय व्हेगसला देता येत नाही.

रोजच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका. गणपतीत रात्री उशिरापर्यंत ढोल-ताशे, झोपेचं खोबरं, सकाळी आकडा तळाला. जोरदार चढाईनंतरही एक-दोन दिवस तो खाली राहतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट मिनिटाला सहा श्वास इतकं संथ श्वसन केलं की तो लगेच वर उडतो. आमच्या सोसायटीतल्या एक काकू अनुलोम-विलोम करता करताच मोजतात आणि माझ्यापेक्षा फिट असल्याचं जाहीर करतात. करू देत. मी उठल्यावर, चहाच्या आधी, त्याच खुर्चीत पाच मिनिटं नेहमीसारखा श्वास घेत मोजते आणि आठवड्याची सरासरीच बघते. अॅप मात्र एवढ्याशा माहितीवर रोज ‘आज तुम्ही किती तयार’ म्हणून गुण देतं. ती सूचना मी बंद केली आहे.

आमच्या ह्यांना पट्टा लावून पाहिला. ते रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारं औषध, घेतात, त्यामुळे दम लागला तरी नाडी फार चढतच नाही, आणि 220 वजा वय म्हणजे कमाल नाडी, या हिशेबाने अॅपने आखलेले नाडीचे टप्पे त्यांच्यासाठी निरर्थक. त्यांच्यासाठी साधी खूण बरी: चढताना बोलता यावं, गाता येऊ नये. अलिंदाचं कंपन (एट्रियल फिब्रिलेशन) असणाऱ्यांनी तर एचआरव्हीकडे बघूच नये. तिथे ठोकेच अनियमित असल्यामुळे आकडा मोठा येतो आणि मोठा म्हणजे चांगला असं अॅपला वाटतं. अधूनमधून ठोका चुकत असेल तरी तोच घोटाळा. त्यासाठी डॉक्टर आणि ईसीजी.

वापराच्या दोन गोष्टी. पट्ट्याची आतली बाजू ओली करूनच बांधा, नाहीतर घाम येईपर्यंत पहिली काही मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात. आणि सेन्सर रोज काढून ठेवा. ओल्या पट्ट्याला तसाच अडकवला तर तो चालूच राहतो आणि सेल महिन्याभरात संपतो.