आयटीआयनंतरचा पहिला पगार: जळगावची रोजंदारी, भुसावळची अप्रेंटिसशिप की चाकण?

वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन. ट्रेड कोणताही असो, आयटीआय झालेल्या खान्देशातल्या पोरांपुढे साधारण तीन वाटा असतात: जळगाव एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या अवधानला ठेकेदाराकडे लागणं, भुसावळला रेल्वेत अप्रेंटिस होणं, नाहीतर थेट चाकण किंवा सुरत गाठणं.

रोजंदारीचा आकडा ऐकायला मोठा असतो. समजा, ६०० रुपये रोज सांगितला, पण पाळी १२ तासांची. सहा दिवसांचे ७२ तास, ३,६०० रुपये. कारखान्यात आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. त्या हिशेबाने वरचे २४ तास ४८ धरायचे, म्हणजे एकूण ९६ तास. तासाला पडले साडेसदतीस रुपये, म्हणजे आठ तासांचा खरा रोज फक्त ३००! २६ दिवसांचे ७,८००.

आता अप्रेंटिसशिप. २०१९च्या नियमांनी आयटीआयवाल्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० ठरवलं. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) नाही, पुढे नोकरीची हमीही नाही. पण खरंच शिकायला मिळतं, परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, आणि रेल्वेच्या लेव्हल-१ (पूर्वीचा ‘ग्रुप डी’) भरतीत रेल्वेतच अप्रेंटिसशिप केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. घर भुसावळ-वरणगाव पट्ट्यात असेल आणि घरचे वर्षभर सांभाळून घेणार असतील, तर माझ्या मते १२ तासांच्या ६०० पेक्षा हे बरं.

चाकणला पगार जास्त असतो, पण खोली आणि मेसचा खर्च वजा करूनच जळगावशी तुलना करा. सुरतेला गुजरातचे किमान वेतनाचे दर लागू होतात, महाराष्ट्राचे नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. पोरगा मशीनवर वेल्डिंग करतो आणि हजेरीपटावर त्याची नोंद असते ‘हेल्पर’. महाराष्ट्रात कुशल, अर्धकुशल, अकुशल यांचे किमान दर वेगळे आहेत, परिमंडळानुसार (भागानुसार) बदलतात, आणि महागाईपोटीचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो. हेल्पर लिहिलं की अकुशलचा दर, आणि पुढचा मालकही तोच अनुभव धरणार. आठ तासांना कुशलचा चालू दर भत्त्यासह मिळत नसेल, तर त्या सुरुवातीला मी रास्त म्हणणार नाही. तोही तळाचाच दर आहे. चांगला हात असेल तर त्यावर मागायला लाजू नका.

लागण्याआधी ठेकेदाराला विचारा: नोंद कुशल म्हणून होणार का, पाळी किती तासांची, पीएफ भरणार का, पगारपत्रक मिळणार का. उत्तर नुसतं ‘बघू नंतर’ असेल, तर दुसरं ठिकाण बघा.