दहा मिनिटांचा टायमर: ५५५ घ्यावा की ४०६०?

मिनिटभराच्या आतलं काम असेल तर पुढचं वाचत बसू नका, सरळ ५५५ लावा आणि मोकळे व्हा (५५५ आणि ४०६० या दोन्ही टायमर बनवायला वापरतात त्या चिप). आमच्या डिचोलीच्या घरात जिन्याला तोच आहे, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३९० के (किलोओहम) चा रेझिस्टर, चाळीसेक सेकंद मिळतात, भरपूर झाले. प्रश्न येतो तो बटण दाबल्यावर पडवीतला बल्ब दहा मिनिटं ठेवायचा असेल किंवा विहिरीवरचा पंप वेळ झाली की बंद पाडायचा असेल तेव्हा.

५५५ ची मोहिनी मलाही आहे. हान्स कॅमेनझिंड या इंजिनिअरने १९७१ मध्ये डिझाइन केलेली चीज, रिले (विजेवर चालणारा स्विच) थेट ओढतो, पार्ट मोजून चार-पाच, आणि सूत्र तर झोपेतही आठवतं, १.१ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर). पण दहा मिनिटांसाठी एक मेगओहमला साडेपाचशे मायक्रोफॅरड लागतात, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच आला, आणि गोची तिथेच आहे. ५५५ ची वेळ संपते ती कपॅसिटर सप्लायच्या दोन-तृतीयांशापर्यंत भरला की; सप्लाय १२ व्होल्ट धरला तर ते ८ व्होल्ट गाठताना त्या एक मेगमधून जेमतेम ४ मायक्रोअँप येतोय, आणि कपॅसिटर स्वतःच तेवढा गळत असेल तर? भोक पडलेली कळशी भरत बसल्यासारखं, ८ व्होल्ट कधी येतच नाहीत.

माझ्यापुरता निकाल पेडण्याच्या मूळ घरात लागला. घर वर्षभर बंद, मेनसकट, उघडतं ते चवथीला. इतके महिने पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा आतला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो, गळती वाढते, त्यामुळे पहिल्या रात्री मंडळी जेवून झोपली तरी ५५५ वरचा पडवीतला बल्ब आपला चालूच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच टायमर शहाण्यासारखा वागायला लागतो! म्हणजे पॉटने (फिरवून बदलायच्या रेझिस्टरने) वेळ जुळवायची तरी कुठल्या दिवशीची? बरं, मेन चालू ठेवूनही फारसा फायदा नाही, कारण काम नसताना ५५५ तो कपॅसिटर ग्राउंडला शॉर्ट करूनच ठेवतो, थराला व्होल्टेज मिळतच नाही. ५५५ चाच कमी करंट खाणारा भाऊ, सीमॉसवाला ७५५५ घेतला तर पिनमधला करंट वाचतो, कपॅसिटरची गळती तशीच. तुमच्या हाती चांगला कपॅसिटर लागला तर कदाचित हा त्रास होणारही नाही.

४०६० मध्ये आर-सी मोठा वेळ मोजतच नाही, छोटा ठोका देतो आणि आतला काउंटर ते ठोके मोजतो. ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर (१०४ लिहिलेला, जमल्यास जे अक्षराचा, म्हणजे पाच टक्केवाला) आणि ३३० के, एक ठोका साधारण ७६ मिलिसेकंदांचा, असे ८१९२ झाले की पिन ३ हाय (म्हणजे तिथे व्होल्टेज येतं), दहा मिनिटं आणि वर वीसेक सेकंद. फिल्म कपॅसिटर गळतो म्हणण्याइतका गळत नाही, वर्षभर बंद राहिला तरी. मला मात्र खरी आवडली ती पिन ७: तिथे दर सोळा ठोक्यांना एक लुकलुक होते, म्हणजे एकूण ५१२; एलईडी लावा, दहा लुकलुकींचा वेळ घड्याळावर बघा, दहाने भागा, ५१२ ने गुणा. बारा सेकंद लागले तर एकूण दहा मिनिटं चौदा सेकंद. प्रत्येक वेळी पॉट जरासा फिरवून दहा मिनिटं ताटकळणं नाही.

कटकटी यातही आहेत. रिले ओढायची ताकद नाही, वरून पिन ३ वेळ संपल्यावर हाय होते म्हणून बीसी५५७ (पिन लो असताना रिले ओढणारा ट्रान्झिस्टर) लागतो, आणि मोजणी तिथेच थांबावी म्हणून पिन ३ वरून पिन ११ ला (ठोक्याच्या इनपुटला) एक डायोड. पिन १२ ला पॉवर-ऑन रिसेट (वीज येताच मोजणी शून्यावर आणणारी जोडणी) दिलात तर वीज जाऊन आली की बल्ब आपोआप दहा मिनिटं लागणार, आणि पावसात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. पडवीला मला ते सोयीचंच वाटलं. पंपाला अजिबात चालणार नाही, तिथे सर्किटचा सप्लायच रिलेच्या एका कॉन्टॅक्टमधून घ्या आणि बटण त्याला समांतर जोडा. वेळ संपली किंवा वीज गेली की रिले सुटतो, आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत काहीच चालू होत नाही.