नऊ महिने थेरपी घेतल्यावर: ओसीडी बरंच आटोक्यात, १५०० रुपयांचा राग मात्र अजून नाही

परवा परत एक सेशन विसरले आणि परत १५०० गेले, म्हणून लिहायला बसलेय. कोथरूडला काउन्सेलिंगला जाते, नऊ महिने झाले. ओसीडी, म्हणजे नको तो विचार परत परत येणं आणि परत परत खात्री करत बसणं, कॉलेजपासून आहे. एडीएचडीपण आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि विसरायला होतं, हे पस्तिसाव्या वर्षी कळलं. तर इथला नियम असा की २४ तास आधी न कळवता दांडी मारली तर पूर्ण फी. आता डोळ्यांच्या डॉक्टरने पाटी वाचता आली नाही म्हणून दंड लावला तर चालेल का? चार वेळा झालं, ६००० रुपये, आमचं महिन्याचं वाणसामान येतं त्यात.

बाकी थेरपी चांगली आहे हो. आधीच्या ठिकाणी सहा सेशन्स नुसतं दीर्घ श्वास घ्या, पॉझिटिव्ह विचार करा, मनगटाला रबरबँड लावा आणि विचार आला की ओढा. ओसीडीत विचार दाबायला गेलं की तो दुप्पट जोराने येतो, मनगट तेवढं लाल झालं. इथे ईआरपी करतात, म्हणजे भीती वाटते ते करायचं आणि नंतरची खात्री करून घ्यायची नाही. माझं गॅसचं आहे. निघताना नॉबचा फोटो काढायचे, फोनची मेमरी नॉबनेच भरलेली. तर एकदा बघायचं, फोटो न काढता कुलूप लावायचं, जिना उतरायचा. पहिल्या दिवशी भीती शंभरात नव्वद, पौड रोडवरून रिक्षा परत फिरवली. तिसऱ्या आठवड्यात साठ. ते आकडे लिहायचा तक्ता मी दोनदा हरवला, तर थेरपिस्ट मॅडमनी तक्ताच बंद केला, म्हणाल्या जिन्यातच फोनवर रेकॉर्ड कर. इथे मला पहिल्यांदा वाटलं की हिला दोन्ही कळतंय.

गोळ्या सायकियाट्रिस्टकडून वेगळ्या, ओसीडीत त्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात, तेव्हा पंधरा दिवसांत सोडू नका. इन्शुरन्सचं विचारू नका. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असं आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही आणि थेरपी सगळी ओपीडी.

तर दंडाचं. भांडून भांडून रिसेप्शनवरच्या ताईंकडून आदल्या दिवशी मेसेज यायचं कबूल करून घेतलं. मेसेज आला की मी, "नक्की उद्याच ना?" मग "पाचलाच ना?" त्या बिचाऱ्या दर वेळी हो म्हणायच्या. मॅडमना कळल्यावर त्यांनी सांगितलं, मेसेज एकच जाईल, पुढे उत्तर नाही. मी जाम चिडले, १५०० घेता आणि एक हो म्हणता येत नाही? घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो गप्प बसला, कारण तोपण दिवसातून दहादा "अगं बंद आहे गॅस" म्हणतच होता. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, पहिला मेसेज एडीएचडीसाठी, दुसऱ्यापासून पुढचे सगळे ओसीडीला खाऊ घालणं. नवऱ्यालाही एकदा बोलावलं, आता तो "मला माहीत नाही" म्हणतो. डोक्यात जातो, पण वाय-बॉक्सचा, म्हणजे ओसीडी किती तीव्र आहे ते मोजायच्या चाचणीचा, स्कोअर २७ वरून १६ वर आलाय.

आणि परवा? मेसेज आला होता. मी वाचला, "नक्की ना" विचारलं नाही, आणि त्यावर इतकी खूश झाले की सेशनच विसरले. ताई म्हणाल्या, अभिनंदन मॅडम, फी जीपे करा.